लोखंडाचे दूध

"म्हणजे तुम्ही गवळीकाकांच्या घरून आलात. मग आधी नाही का सांगायचं?" असे म्हणत वॉचमनने कारखान्याच्या फाटकाची कडी काढली, आणि काकू आत जायचे सोडून तिथेच उभ्या राहिल्या.

"कोण गवळीकाका?"

"लेथ मशीनवर असतात ते. चष्मा, बोलणं कमी, बोटांना पट्ट्या."

वर्णन तर बरोबर जुळत होते. पण काकूंच्या सासरी सात पिढ्यांत कुणी दारात गाय बांधली नव्हती, आणि नवऱ्याला तर डोळ्यांदेखत दूध उतू जात असले तरी गॅस बंद करायचे सुचत नसे. ज्याच्यासोबत सगळी हयात काढली त्या माणसाला इथे गवळी म्हणतात, हे आज फाटकावर कळावे म्हणजे कमालच झाली. काकूंनी हसू दाबले. आज त्या हसायला आल्या नव्हत्या.

आल्या होत्या मालकांना भेटायला, आणि तेही नवऱ्याला ताकास तूर लागू न देता.

काकांच्या हातांचे दुखणे जुने होते. बोटांच्या पेरांवर भेगा, तळव्यांची सालपटे, मनगटापर्यंत लाल चट्टे. डॉक्टरांनी चष्म्यावरून बघत स्पष्ट सांगितले होते, "लोखंड कापताना मशीनवर जे पांढरं पाणी सोडतात ना, ते तुमच्या कातडीला आता सोसत नाही. मशीन सोडा, हात बरे होतील. नाही सोडलंत तर पुढं माझं मलमही चालायचं नाही." काकांनी शहाण्या मुलासारखी मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी डबा घेऊन कामावर गेले. हातमोजे का घालत नाही म्हणून काकूंनी विचारले, तर म्हणाले, "फिरत्या मशीनपाशी मोजे घालत नाहीत. मोजा अडकला की मागोमाग हात जातो." त्यापुढे विषय काढला की "बघू". मालक भला माणूस होता. काकांनी एक शब्द टाकला असता तर त्याने त्यांना तपासणीच्या खोलीत बसवले असते. तिथे कोरडे काम, तयार मालाची मापे घ्यायची. पण तो एक शब्द टाकायचा कुणी, इथेच घोडे पेंड खात होते.

काकूंनी अजूनही दम धरला असता. पण मग नातीचे झाले. पोरगी रांगत आजोबांकडे आली, आजोबांनी कौतुकाने गालावरून हात फिरवला, आणि तिच्या गालावर लालभडक ओरखडा उठला. तळव्याची कड फाटलेल्या पत्र्यासारखी झाली होती. पोरीने टाहो फोडला. तेव्हापासून हा माणूस नातीला हात लावत नव्हता. दोन्ही हात पाठीशी बांधून तो तिला कोपराने गुदगुल्या करी. तिला वाटे, आजोबा असेच असतात. ती त्या कोपराला लोंबकळून खिदळे, घरातले सगळे हसत, आणि काकू काहीतरी निमित्त काढून स्वयंपाकघरात जात.

म्हणून त्या आल्या होत्या. त्याला बोलवत नसेल तर आपण बोलायचे, मग घरी आठवडाभर अबोला धरला तरी बेहत्तर.

मालक बाहेर गेले होते, येतीलच असे वॉचमन म्हणाला. जेवणाची सुट्टी झालेली. लांबलचक शेडमध्ये सगळी मशीन गप्प होती, फक्त टोकाचे एक चालू होते. फोरमन हात पुसत पुढे आला.

"वहिनी, तुम्ही? बोलावू का त्यांना?"

"नको नको. मी मालकांकडे आलेय."

"बोलावलं तरी यायचे नाहीत म्हणा. शेवटचा कट लागलाय. शहराला पाणी चढवणाऱ्या पंपाचा शाफ्ट आहे. या टोकापासून त्या टोकापर्यंत आता थांबायचं नाही. मधे थांबलं की शाफ्टवर कडं उमटतं, आणि मग तो शाफ्ट भंगारात." तो थोडा थांबला. "बघायचंय? इथून बघा, पुढं जाऊ नका."

काकू नाही म्हणणार होत्या. पण मान आपोआप वळली.

खांबाएवढा लांब लोखंडाचा दांडा मशीनवर आडवा फिरत होता. त्याला एक बोटभर पाते टेकले होते, आणि लोखंड चक्क सोलून निघत होते. काकडी सोलावी तसे. लांबच लांब चकचकीत साल सुटायची, गुंडाळत खाली पडायची. आणि जिथे पाते लोखंडाला भिडत होते, बरोबर तिथेच, वरून एक पांढरीशुभ्र धार पडत होती. दूधच. धार पडे, किंचित वाफ उठे, आणि ती वाहून खाली टाकीत जाऊन पुन्हा वर येई. कुठे ठिणगी नाही, करकर नाही. धारेच्या अलीकडे दांडा काळपट होता, पलीकडे आरशासारखा.

काकूंनी आयुष्यभर या दुधाचा फक्त वास घेतला होता, कपड्यांना येणारा, कितीही भिजवले तरी न जाणारा. त्या वासाला त्यांनी मनातल्या मनात शिव्याही घातल्या होत्या. तो वास इतका सुंदर दिसत असेल हे त्यांच्या स्वप्नातही आले नव्हते.

"हे दूध रोज तेच करतात," फोरमन म्हणाला. "दुसऱ्या कुणाला टाकीला हात लावू देत नाहीत, म्हणून तर गवळीकाका. आधी पाणी घ्यायचं, मग बारीक धारेनं तेल सोडत ढवळायचं. उलटं केलं तर फाटतं. एकानं केलं होतं एकदा. काका त्याच्याशी दिवसभर बोलले नाहीत."

"तेल आणि पाणी? एक होतं?"

"होतं की. समोर बघताय ना."

तेल आणि पाणी एक होत नाही, हे काकूंना चुलीपुढे उभे राहायला लागल्यापासून ठाऊक होते. आणि इथे ते रोज सकाळी त्यांचा नवरा करत होता, ज्याला घरी साधा चहा जमत नव्हता. त्या बघतच राहिल्या. काका मशीनला जरा वाकून उभे होते. त्यांची दोन बोटे त्या पांढऱ्या धारेत होती, अगदी हलकी, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावीत तशी. नजर पात्यावर. घरी वर्तमानपत्र वाचतानाही पाय हलवणारा हा माणूस इथे एखाद्या खांबासारखा निश्चल होता. काकूंना एकदम परक्या माणसाकडे चोरून बघितल्यासारखे वाटले आणि त्या चक्क लाजल्या.

आपण काय काढून घ्यायला आलो आहोत, ते त्यांना आत्ता कळले.

तेवढ्यात फस्स असा आवाज झाला. टाकीतून वर येणारा रबरी पाइप मशीनच्या मागच्या बाजूला, जोडापाशी उलला होता. दूध चौफेर उडू लागले आणि पात्यावरची धार बारीक झाली. लगेच करकर सुरू झाली, निळसर धूर निघाला. फोरमन "क्लिप आणतो" म्हणत स्टोअरकडे धावला. काकांनी वळसा घालून पाइप गाठला आणि उललेल्या जागेवर दोन्ही हात आवळले. धार पुन्हा मोठी झाली, धूर विरला. पण दूध त्यांच्या पट्ट्यांमधून, भेगांमधून निथळत कोपरांपर्यंत ओघळत होते. त्यांच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. बघणाऱ्या काकूंच्याच जिवाचे पाणी पाणी झाले.

आणि पाते तर टोकाकडे सरकत होते. टोकाला पोचले की हँडल उचलायला कुणीतरी हवे, नाहीतर ते जाऊन आदळणार. काका हँडलकडे बघत होते, मग हातातल्या पाइपकडे. मान वर केली तर समोर बायको.

"तू? इथं कशी?"

"ते नंतर. सरका तिकडं."

"अगं, तुला नाही जमायचं. हात खराब होतील."

"तुमचे काय सोन्याचे आहेत? सरका म्हणते ना."

काकूंनी बाह्या वर केल्या, गुडघे टेकले आणि त्यांच्या हातांखाली आपले हात सरकवून पाइप धरला. काका क्षणभर घुटमळले, मग निघून हँडलपाशी गेले.

पाइप काकूंच्या मुठीत धडधडत होता. आत काहीतरी जिवंत असावे तसा. दूध गार होते, बुळबुळीत, आणि सकाळी सुरी लागलेल्या बोटाला चांगलेच झोंबले. काकूंनी मूठ सैल केली नाही. या धारेच्या दुसऱ्या टोकाला त्याची दोन बोटे आहेत, एवढेच त्यांच्या मनात होते. लग्नाला इतकी वर्षे झाली, पण दोघांनी एकाच वेळी एक काम असे हातात धरल्याचे त्यांना आठवत नव्हते.

फोरमन क्लिप घेऊन धापा टाकत आला तेव्हा खट् आवाज झाला. काकांनी हँडल उचलले होते. दांडा फिरत फिरत थांबला, शेड एकदम गप्प झाले, फक्त दुधाची धार पडत राहिली.

काकांनी फडक्याने शाफ्ट पुसला, या टोकापासून त्या टोकापर्यंत बोट फिरवले आणि हलकेच मान डोलावली. फोरमनने पाइपवर क्लिप आवळली तशा काकू शेजारी येऊन उभ्या राहिल्या. शाफ्टमध्ये दोघांचे चेहरे लांबुळके, शेजारी शेजारी दिसत होते.

"हे तुम्ही केलंत?" काकूंचा आवाज खाली आला होता.

"आज तूही केलंस," काका म्हणाले. मग त्यांचे लक्ष तिच्या हातांकडे गेले, आणि शाफ्ट तसाच टाकून ते तिला ओढतच नळापाशी घेऊन गेले. साबण लावून एकेक बोट घासू लागले. त्यांचे तळवे काचत होते. काकूंनी हात मागे घेतले नाहीत. किती महिन्यांनी या हातांनी कुणाला धरले होते.

"एवढी काय घाई? पुसलं असतं की मी."

"नाही, लगेच धुवायचं. कातडी खातं ते. एकदा लागलं की..." काकांचे वाक्य तिथेच अडकले. आपल्याच तोंडचे शब्द त्यांच्या कानावर पडले असावेत. ते नळाखालच्या चार हातांकडे बघत राहिले. दोन हात नुसते ओले होते, दोन सोलून निघालेले.

"काकू, आज इकडं कुठं?" मागून मालकांचा आवाज आला. "माझ्याकडे काम होतं म्हणे?"

घरून येताना सगळे बोलणे काकूंनी घोकून ठेवले होते. पण आता? त्या शाफ्टकडे बघून, त्या धारेकडे बघून हे कसे बोलायचे? "काही नाही," त्या म्हणाल्या, "ह्यांचा डबा द्यायला आले होते."

काका नळ बंद करत होते. त्यांचा डबा सकाळपासून खुंटीला लटकला होता, आणि तो सगळ्यांना दिसत होता.

"डबा मी आणलाय," ते सावकाश म्हणाले. "ही काय बोलायला आली होती ते मी सांगतो, मालक. मला तपासणीच्या खोलीत जागा द्या. हात गेले माझे."

फोरमनने खाली मान घातली. मग मालक म्हणाले, "उद्यापासून?"

"उद्यापासून. फक्त नवा माणूस येईल तेव्हा आठवडाभर सकाळी मला बोलवा. हात लावणार नाही, उभा राहून सांगेन. आधी पाणी, मग तेल."

ते मशीनपाशी गेले आणि त्यांनी दुधाचा कॉक फिरवला. धार बारीक झाली, तुटली, मग थेंब थेंब झाली. शेवटचा थेंब पडेपर्यंत ते उभे होते, आणि काकूही. या वेळी त्यांचा हात धरायला काकूंना कुणाची लाज वाटली नाही.

संध्याकाळी नात आली. दारातूनच रांगत आजोबांकडे निघाली. काकांनी सवयीने हात पाठीशी नेले आणि कोपर पुढे केले. मग काय वाटले कोण जाणे, त्यांनी दोन्ही तळवे पुढे आणून तिला लांबून दाखवले. ती धरायला झेपावली तशी तळवे झटकन वर उचलले.

"थांब," ते म्हणाले, "आता थोडेच दिवस."

आणि पुन्हा कोपर पुढे केले.