वाल संपेपर्यंत

जयश्रीने वालाचं एक पान उलटलं. खाली काळा मावा, रस शोषणारी बारीक कीड, दाटून बसला होता. कोवळ्या शेंड्यावर तर तिळाचं वाटण थापावं तसा. मुंग्यांची रांग वर चढत होती. तिने पान होतं तसं सोडून दिलं, आणि माव्यावर मारायला पाटीत आणलेली चुलीची राख वेलावर न उधळता न्हाणीमागे नेऊन ओतली.

आज सातवा दिवस.

घरामागचा हा मांडव तिच्या सासूने, पोशीने घातलेला. नवरा मंगेश भिवंडीला गोदामात कामाला होता. दिवाळीत त्याने खोली घेतली, तेव्हा जयश्रीने आपलं बोचकं बांधलंही होतं. पोशी एवढंच म्हणाली होती, "वाल आता फुलावर येईल. माझ्या डोळ्यांना मावा दिसत नाय. वाल संपला की जा."

मंगेशला ते पटलं. घराशी रेंज नसे, म्हणून जयश्री टेकाडावर जाऊन फोन लावायची. तोही आधी वालाचीच चौकशी करायचा.

वाल काही संपेना. खुडावं तेवढं नवं फूल धरत होता.

"जयश्री," डोक्यावरचा हंडा सावरत शेजारची चैती कुडाशी थांबली. "तू वाल राखतीस, का वाल तुला राखतो?"

"तूच इचार त्याला."

चैती हसत पुढे गेली. जयश्रीला हसू आलं नाही.

दुपारी पोशी चाचपडत मांडवाखाली आली.

"राख टाकलीस ना गं?"

"टाकली, आय."

पोशीने हात वर करून चार पानं चाचपली. बोटं एकमेकांना चिकटली. तिने ती उघडमीट करून पाहिली, नाकाशी नेली, मग लुगड्याला पुसली.

"दव लई पडतंय," ती म्हणाली.

ऊन डोक्यावर आलेलं होतं. जयश्री खाली मातीकडे बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी उठल्याउठल्या तिने चूल उकरली. राख चाळून पाटी काठोकाठ भरली आणि घाईघाईने मागे आली. पोशी वेलाच्या बुंध्याशी उकिडवी बसली होती. हातात विळा. अंगठ्याएवढा जाड बुंधा कापून झाला होता. वर मांडवावर पानं अजून टवटवीत होती. त्यांना काही कळलं नव्हतं.

"आय, हे काय केलंस? फुलं हायती अजून त्याला. राख मारली असती तर जगला असता."

"जगला असता," पोशी म्हणाली. तिने विळा मातीत खोचला. "नऊची जीप गाठ. त्याआधी शेंगा काढून घे. तिकडं इकत घ्याव्या लागतील."

जयश्री पाटी हातात धरून उभीच होती. मग तिने पाटी खाली ठेवली आणि वेल ओढून शेंगा तोडायला लागली. एकही शेंग माव्यावाचून नव्हती. पोशी एकेक हातात घ्यायची, बोटांनी चाचपायची, पदराने पुसायची आणि पिशवीत टाकायची.

"खोलीच्या मागं जागा हाय का गं?" पोशीने विचारलं. "एखादा वेल चढंल एवढी?"

"फरशी हाय, आय. मागं लगेच दुसऱ्याची भिंत."

पोशीने पुढची शेंग उचलली. ती स्वच्छ झाल्यावरही पुसत राहिली.