गोळी, अंधार आणि मेहुणे

आमच्या नाटकात नायक शेवटच्या प्रवेशात गोळी लागून मरतो. रंगीत तालमीला आधी अंधार झाला, अंधारात नायक धप्पकन पडला आणि मग, सवडीने, गोळी सुटली. बोलावलेली मंडळी पोट धरून हसली. नाटक शोकांतिका असल्याने दिग्दर्शक म्हणून मला ते जरा लागलं. थिएटरच्या मालकांचा निरोप आला: पहिल्या प्रयोगाला पुन्हा हशा झाला, तर दुसरा विसरा.

दिवे एका कॉम्प्युटरवर, आवाज दुसऱ्यावर, दोन्ही घड्याळ बघून आपोआप चालणारे, आणि दोघांची घड्याळं आपापल्या मनाची. नेटवर्क सांभाळणारी बाई म्हणाली, "एकानं दुसऱ्याला वेळ विचारायची, की संपलं."

अडचण घरगुती होती. दिवेवाले हे आवाजवाल्याचे सख्खे भावोजी.

"मी ह्याला विचारू?" भावोजी म्हणाले. "बहीण दिली तेव्हापासून ऐकवतोय, तेवढं पुरे."

"स्वतःच्या लग्नाला उशिरा आलेला माणूस हा," मेहुणा म्हणाला. "ह्याच्याकडून वेळ घेऊ?"

"अहो, तुम्ही नाही, यंत्रं विचारणार," बाई म्हणाली. "प्रश्न जाऊन उत्तर यायला किती वेळ लागला ते मोजायचं, त्याच्या निम्मा उत्तरात मिळवायचा. यात कोणाचं नाक कापलं जात नाही."

दोन्ही नाकं जागची हलली नाहीत.

बाईने वाद घातला नाही. जिन्याखाली एक छोटा डबा बसवला, त्याची तार गच्चीवर नेली. मग भावोजींना बाजूला घेतलं. "मेहुणे आता तुमच्याकडून वेळ घेतात. बोलून दाखवू नका, बिचारे लाजतील." पाच मिनिटांनी मेहुण्यालाही भावोजींबद्दल हेच सांगितलं, 'बिचारे'सकट.

"खरं कोण कोणाला विचारतंय?" मी हळूच विचारलं.

"दोघं डब्याला. डबा उपग्रहाला."

"आणि यांनी तपासलं तर?"

"जिंकलेला माणूस कशाला तपासतोय?"

प्रयोगाला गोळी आणि अंधार एकदमच झाले. धप्प त्यानंतर. कोणी हसलं नाही. तिसऱ्या रांगेत कोणीतरी नाक ओढलं. सर्दी असेल, पण मी ती शोकांतिकेच्या खात्यावर जमा केली.

मालकांनी दुसऱ्या प्रयोगाची पाटी लावायला सांगितली. विंगेत भावोजींनी थर्मासमधला चहा मेहुण्यापुढे केला, हरलेल्याला धीर द्यावा तसा. मेहुण्यानेही तो मोठ्या मनाने घेतला.