टीव्ही बंद करा

श्रीरामपुरात मी ओवीला सांभाळते. पोरगी दीड वर्षाची हाय. तिची आई, धनश्री मॅडम, नोकरीसाठी सकाळीच एसटीनं नगरला जातात. पण हॉलच्या भिंतीवर कॅमेरा लावलाय, त्यातून दिवसभर बोलत राहतात. "जयमालाताई, टोपी घाला तिला." "दूध आणायला इतका वेळ?"

आज पोरीला कडेवर घेऊन दूध, मेडिकल, गिरणी सगळं केलं. कंबर भरून आली, म्हणून दुपारी जुना काळा-पांढरा सिनेमा लावला. नटी रडायला लागली तोच भिंत बोलली, "टीव्ही बंद करा. ओवी बाळा, मम्मा बघतेय हं!"

ओवी वर बघून हसली. माझं डोकंच फिरलं. एवढा जीव तुटतोय तर घरी बस की, बाई!

दिवे लागल्यावर मॅडम आल्या. चप्पल काढायच्या आधीच दारात खाली बसून त्यांनी हात पसरले. "ओवी, मम्मा आली!"

आवाज ऐकून पोरगी खुदकन हसली आणि पळत सुटली. दाराकडं न्हाई. ती भिंतीपाशी गेली, कॅमेऱ्याकडं दोन्ही हात वर केले आणि म्हणाली, "मम्मा, घे."