कॅप्टनच्या कोटाचं ठिगळ

सिनेमा पाहून चाहते मंडळाच्या खोलीत परतले आणि एकच गदारोळ उठला. सिनेमा एका जुन्या युरोपीय चित्रकथेवरचा, आणि तिच्यावर जीव टाकणारी ही माणसं. आणि पडद्यावर तिच्या नायकाच्या, कॅप्टनच्या कोटाला कोपरावर चक्क ठिगळ!

"आमच्या कॅप्टनला भिकारी केलं!"

अध्यक्ष निषेधाचं पत्र लिहायला बसला, तोच त्याची मावशी दारात. सिनेमातला कोट तिनेच शिवला होता. पत्र गेलं की पुढच्या सिनेमाचं काम हातचं जाणार होतं. पण देवाने बोटांत कसब दिलंय, तर मान खाली का घालायची?

"पहिलं पुस्तक काढ रे. कॅप्टन कुंपणावरून उडी मारतो ते पान."

चित्रात कोट कोपराशी टर्रकन फाटला होता.

"आता पुढचं पान?"

"धड आहे," भाचा चाचरला.

"चित्रकार विसरला, बाबा. सुई धरणारी कशी विसरेल?"

खोलीभर हशा पिकला. भाच्याने कागद उलटवला आणि लिहिलं, 'पुढच्या सिनेमाचे कपडेही याच बाईंनी शिवावेत, अशी मंडळाची मागणी.'

"मी तुझी मावशी आहे असं लिहू नकोस हो," ती म्हणाली, "लोकांना वशिला वाटेल."