ड्रम कोणी वाजवला?

मी एक कार्ड बोलतोय. पत्त्यांच्या डावातलं नव्हे, लग्नाच्या निमंत्रणाचं तर नव्हेच. जुन्या पॉप आणि रॉक अँड रोल गाण्यांच्या प्रश्नांचं, तळहाताएवढं, जाड, पिवळट कार्ड. माझ्या पोटावर प्रश्न आहे आणि पाठीवर उत्तर. आणि ते उत्तर खोटं आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण आयुष्यभर मला हेच एक वाक्य बोलता आलं नाही.

प्रश्न साधा आहे: या गाण्यात ड्रम कोणी वाजवला? गाण्याचं नावही माझ्यावर आहे, पण ते सांगणार नाही. सांगितलं की तुम्ही लगेच गुणगुणायला लागाल आणि माझं ऐकायचं राहून जाईल. दोन मिनिटं अठरा सेकंदांचं गाणं. एके काळी प्रत्येक चहाच्या दुकानात, प्रत्येक न्हाव्याकडे ते वाजत असे.

माझा जन्म एका रेडिओ केंद्राच्या रेकॉर्ड लायब्ररीत झाला. लांबट खोली, भिंतीभर फडताळं, मध्ये एक टेबल, टेबलावर टाइपरायटर. तिथे जे बसत त्यांना सगळे कार्डमास्तर म्हणत. सडसडीत अंगाचे, बोलायला गोड, पण शिस्तीला भारी कडक. रेकॉर्ड आली की ते तिचं कव्हर उजेडात धरत, त्यावरचं अक्षर न् अक्षर वाचत आणि आम्हाला टाइप करत. कोणत्या रेकॉर्डची मागची बाजू पुढच्या बाजूपेक्षा जास्त गाजली, कोणत्या गायिकेला गाताना सर्दी झाली होती, कोणतं गाणं रेकॉर्डिंगच्या हॉलची वेळ संपायला अकरा मिनिटं उरली म्हणून उरकलं आणि तेच डोक्यावर घेतलं गेलं. अशी आम्ही चार हजार भावंडं. दर रविवारी सकाळी केंद्राच्या स्टुडिओत प्रश्नमंजूषा होई, तिच्यासाठी आमच्यातली चाळीस निवडली जात.

माझ्या गाण्याच्या कव्हरवर पाच पोरांचा फोटो होता. ड्रममागे बसलेल्या पोराच्या कपाळावर केसांची एक बट रुळत होती. साऱ्या जगात तो बटवाला म्हणूनच ओळखला जाई. कार्डमास्तरांनी फोटो पाहिला, खालचं नाव पाहिलं आणि माझ्या पाठीवर टाइप केलं: बटवाला. मी नवा कोरा होतो. मला काय ठाऊक! मला वाटलं, छापून आलंय म्हणजे खरंच असणार. माणसांनाही तसंच वाटतं, हे पुढे कळलं.

एका रविवारी मी निवेदकाच्या हातात होतो. समोर चार स्पर्धक. त्यातला एक शिलाई मशिनं दुरुस्त करणारा, बोटांना तेलाचे काळे डाग असलेला, पस्तिशीच्या पुढचा माणूस. पहिल्या रांगेत त्याची नऊ वर्षांची मुलगी बसली होती, दोन वेण्या घातलेली. बक्षीस होता रेकॉर्ड प्लेअर. त्यांच्या घरी तो नव्हता, आणि बापाला पोरीला एक विशिष्ट रेकॉर्ड ऐकवायची होती. मशिनवाल्याने धडाधड उत्तरं दिली. शेवटच्या प्रश्नाला तो एका गुणाने पुढे होता. हा प्रश्न चुकला असता तर मात्र गुण कापला जाऊन बरोबरी होणार होती.

निवेदकाने मला वाचलं. मशिनवाला हसला. असं हसू मी त्याआधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही. त्याने मुलीकडे पाहिलं आणि म्हणाला, "मी."

"मी म्हणजे?" निवेदकाने विचारलं.

"म्हणजे मीच. मीच वाजवलाय तो."

सभागृहात खसखस पिकली. निवेदक मुरलेला गडी. असा मोका तो सोडतोय कशाला! "अहो, मग गायलंही तुम्हीच का? आणि गिटार बहुतेक तुमच्या मातोश्रींनी वाजवली असेल!" हशा, टाळ्या. मला उलटं करून त्याने उत्तर वाचलं. बटवाला. गुण गेला, बरोबरी झाली, आणि पुढच्या जादा प्रश्नाला मशिनवाला नुसता पोरीकडे बघत राहिला. रेकॉर्ड प्लेअर शेजारच्या स्पर्धकाने नेला. हे सगळं रेडिओवरून गावभर गेलं.

मंगळवारी तो लायब्ररीत आला. मुलगी बरोबर होती. तीच आधी बोलली, "शाळेत मला सगळे 'मीच वाजवलाय' म्हणून हाक मारतात."

मग त्याने कार्डमास्तरांना सगळं सांगितलं. तरुणपणी तो भाड्याचा ड्रमवाला होता. (आता मीही त्याला ड्रमवालाच म्हणणार.) रेकॉर्डिंगच्या दिवशी बटवाल्याचा माइकसमोर ताल धावायला लागला. हॉलच्या माणसाने फोन करून याला बोलावलं. तीन तासांचं काम. दुसऱ्याच खेपेला गाणं जमलं. अशा वादकांकडून कागदावर सही घ्यायची रीत होती: नाव कव्हरवर येणार नाही, मागणार नाही. धंद्यातल्या सगळ्यांना माहीत, धंद्याबाहेर कोणालाच नाही.

"बटवाला काय म्हणतो?" कार्डमास्तरांनी विचारलं.

"तो कशाला काही म्हणेल? त्याला कोणी विचारतंय कुठे!"

कार्डमास्तरांनी रेकॉर्ड लावली. ड्रमवाल्याने टेबलावरच्या दोन पेन्सिली घेतल्या आणि टेबलाच्या कडेवर गाण्याबरोबर वाजवायला लागला. एक ठोका पुढे नाही, एक मागे नाही. पाऊण गाणं झालं तेव्हा त्याने बोट वर केलं, "आता ऐका. माझी अंगठी स्टँडला लागलीये. नवं नवं लग्न, ही काढू देत नव्हती." आणि रेकॉर्डमधून खरंच बारीकसा 'टिंग' आवाज आला. तो आवाज कसला, यावर शौकिनांनी पानंच्या पानं लिहिली होती. कोणी म्हणे मुद्दाम वाजवलेली घंटा, कोणी म्हणे चमचा.

कार्डमास्तरांचे कान लाल झाले. त्यांना पटलं होतं. हातच्या काकणाला आरसा कशाला? पण कार्डमास्तरांना आरसाच हवा होता, आणि तोही छापील. लायब्ररीचा नियम होता: छापील पुराव्याशिवाय कार्डावर दुरुस्ती नाही. नियम त्यांचा स्वतःचाच होता. आल्यागेल्याच्या सांगण्यावरून कार्डं बदलली तर चार हजारांतलं एकही भरवशाचं राहणार नाही, असं ते म्हणत, आणि ते काही अगदीच चूक नव्हतं.

"मला पटलंय हो," ते म्हणाले, "पण माझ्या पटण्याने कार्ड बदलत नाही. काहीतरी छापलेलं आणा."

"अहो साहेब, न छापण्याचीच तर सही घेतली होती!"

शेवटी कार्डमास्तरांनी एक चिठ्ठी लिहिली, 'तपासणे बाकी', आणि टाचणीने मला लावली. टाचणी खांद्यातून आरपार गेली. खरं सांगतो, मला बरं वाटलं. खोटं अंगावर असण्यापेक्षा टाचणी परवडली.

ड्रमवाला हटला नाही. रेकॉर्ड कंपनीला पत्र लिहिलं. उत्तर आलं: माहितीसाठी कृपया कव्हर पाहावे. हॉल शोधला, तर तो पाडून गोदाम झालं होतं, कागद रद्दीत. प्रत्येक उत्तर तो कार्डमास्तरांना आणून दाखवी, ते मान हलवत, चहा मागवत. मुलगी सुरुवातीला बरोबर येई, बापाआधी धावत जिना चढे. पुढे पुढे ती दारातच उभी राहू लागली. मग यायची थांबली.

दरम्यान निवेदकाने आमच्यावरून हजार प्रश्नांचं पुस्तक काढायचं ठरवलं. नक्कल करायला आलेल्या माणसाने टाचण्या बोटाला टोचतात म्हणून चिठ्ठ्या काढून ठेवल्या, उतरवून घेतलं, आणि पुन्हा लावल्या. लावल्या हे खरं, पण पुस्तकात चिठ्ठी कशी जाणार? पुस्तकात गेलो मी. हातोहात खपलं. त्यावरून वर्तमानपत्रांतली कोडी निघाली, कोड्यांवरून सदरं निघाली, आणि पाच वर्षांनी कुठल्यातरी दूरच्या शहरातून जुन्या गाण्यांचा एक जाडजूड कोश आला.

कार्डमास्तरांनी तो मोठ्या आशेने उघडला. माझंच गाणं आधी काढलं. ड्रम: बटवाला. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा वाचलं. मग खूण म्हणून मला कोशाच्या शेवटच्या पानांत खोचून ठेवलं आणि घरी गेले.

दोन दिवस मी तिथे होतो. तिथे बारीक अक्षरांत संदर्भांची यादी होती. त्यात आमचंच हजार प्रश्नांचं पुस्तक होतं. म्हणजे मीच फिरून फिरून माझाच साक्षीदार म्हणून आलो होतो! इतके काटेकोर कार्डमास्तर, पण ती यादी त्यांनी वाचली नाही. छापील पुरावा मागणाऱ्या माणसाला तो कुठून छापला हे विचारायचं सुचलं नाही. मी ओरडलो असतो, पण कार्डाला घसा कुठला?

त्यांनी चिठ्ठी काढली आणि माझ्यावर जांभळा शिक्का मारला: तपासले.

ड्रमवाला आला तेव्हा त्यांनी कोश पुढे केला. "पुरावा आला बघा. पण उलटा आला." या वेळी मुलगी होती बरोबर, सोळा वर्षांची. तिने ते पान वाचलं, सावकाश, बोट ठेवून. मग कार्डमास्तरांना म्हणाली, "यांनी तुम्हाला फार त्रास दिला. माफ करा." आणि बापाला, "चला बाबा. पुरे झालं आता."

माझ्यामुळे बापाला शरमेने मान खाली घालावी लागली याचं दुःख मला होतंच. पण त्या पोरीने बापाच्या वतीने माफी मागितली, तेव्हा आपल्याला कोणीतरी काडी लावावी असं वाटलं.

पुढची वर्षं फडताळातच गेली. कार्डमास्तर निवृत्त झाले, पुढे गेलेच. केंद्रात संगणक आले. आमच्यावरचा मजकूर त्यांत भरला गेला, आणि मग आमची खोकी बाहेरच्या व्हरांड्यात ठेवली गेली. ज्याला हवं त्याने न्यावं. बहुतेक भावंडं लगद्यात गेली. माझं खोकं एका वृद्धाश्रमाने नेलं.

तिथे दर गुरुवारी चार वाजता एक हसतमुख बाई येते. सगळ्यांच्या खुर्च्या गोल मांडते, जुनी गाणी लावते आणि आमच्यातून प्रश्न विचारते. बरोबर उत्तराला बिस्किटांचा पुडा. ज्यांना सकाळी काय खाल्लं ते आठवत नाही, ते साठ वर्षांपूर्वीच्या रेकॉर्डच्या मागच्या बाजूचं गाणं बिनचूक सांगतात. अशाच एका गुरुवारी बाई मला पहिल्यांदा उचलत होती, तेव्हा खिडकीजवळच्या खुर्चीत मला तो दिसला.

ड्रमवाला. अंगाने निम्मा झालेला, पण डोकं शाबूत. शेजारी मुलगी बसली होती, केस पांढरे व्हायला लागलेली. ती महिन्यातून एकदा येई, तासभर बसे, घड्याळ पाही आणि जाई. त्या दोघांत 'जेवलात का' आणि 'औषध घेतलंत का' एवढंच उरलं होतं, हे नव्याने आलेल्या मलाही तेवढ्या वेळात कळलं.

गाणं वाजलं. बाईने मला वाचलं, "ड्रम कोणी वाजवला? कोण सांगतंय? आजोबा, तुम्ही?"

मुलीचा चेहरा उतरला. तिने पर्स घट्ट धरली, जणू पुन्हा त्या स्टुडिओत पहिल्या रांगेत बसली होती. मी मात्र मनात म्हणत होतो, सांग रे बाबा! इथे कोण हसणार आहे? हसलं तरी कोणाला ऐकू जाणार आहे? एकदा, शेवटचं, सांग.

त्याने मुलीकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग बाईला म्हणाला, "बटवाला."

"बरोब्बर!" बाईने टाळ्या वाजवल्या, सगळ्यांनी वाजवल्या. पुडा त्याच्या मांडीवर आला.

मुलगी हळूच म्हणाली, "पण बाबा, तुम्ही तर कायम म्हणायचात की..."

"चेष्टा करायचो गं मी. बापाने पोरीपुढे थोडी फुशारकी मारू नये की काय?"

ती हसली. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. "काय हो बाबा तुम्ही! केवढा जीव टांगणीला लावला होता माझा." तिने खुर्ची जवळ ओढली, पुडा फोडला, त्याचा हात हातात घेतला, आणि त्या दिवशी ती दिवे लागेपर्यंत बसली. खोटारडा बाप तिला सोसत नव्हता, चेष्टेखोर बाप चालणार होता. ते त्याने ओळखलं आणि स्वतःच्या हाताने स्वतःला पुसलं.

सतरा दिवसांनी तो गेला. ज्याला खरं माहीत होतं असा शेवटचा माणूस तो. आता फक्त मी उरलोय.

माझे कोपरे झिजलेत, शिक्का फिका झालाय, पाठीवरचं नाव मात्र अजून ठळक आहे. खोकं कपाटावर असतं, गुरुवारी खाली येतं. तो गेल्यापासून मला पाच वेळा विचारलं गेलंय. पाचही वेळा उत्तर बरोबर आलं, पाचही वेळा टाळ्या झाल्या.

तुमच्यापैकी कोणी कधी त्या गोलात बसलं आणि बाईच्या हातात मी आलो, तर माझं एक मागणं आहे. एकदा तरी चुका हो कोणीतरी.