तीन फाटकांमधली गाडी

मित्रांनो, मी एक जुनी निळी गाडी आहे आणि माझ्यात कुणी हौसेनं कधी बसलं नाही. माझ्या खिडक्यांना जाळ्या होत्या, मागच्या दाराला बाहेरून कडी होती आणि आत दोन लांब बाकं होती. कैद्यांना सकाळी तुरुंगातून कोर्टात न्यायचं आणि संध्याकाळी परत आणायचं, हे माझं काम. एकोणीस वर्षं केलं. आता पोलीस मुख्यालयाच्या मागच्या अंगणात मी विटांवर उभी आहे. चाकं काढून नेली, बॅटरी काढून नेली. तोंड मात्र कुणाला काढून नेता आलेलं नाही, तेव्हा ऐका.

कारखान्यात माझ्या शेजारी जो सांगाडा उभा होता त्याची शाळेची बस झाली. त्याला पिवळा रंग, मला जाळ्या. मी फार रुसले होते. रस्त्यातली मुलं मला पाहून आईच्या मागं लपायची आणि मला वाटायचं, आपलं नशीबच फुटकं. पुढं कामाला लागल्यावर कळलं की माझ्यावाचून तीन मोठ्या कचेऱ्यांचं घोडं अडतं, आणि मग मी रुसणं सोडून दिलं.

त्या तिघींची तीन फाटकं. पहिलं पोलीस मुख्यालयाचं. कैद्यांसोबत जायला शिपाई तिथून मिळायचे, त्यांना कैदी पार्टी म्हणत. दुसरं तुरुंगाचं, तिथं माणसं कुलपात. तिसरं कोर्टाचं, तिथं तारीख. कोर्टानं कितीही मोठ्यानं पुकारा केला तरी तुरुंगानं कुलूप उघडल्याशिवाय माणूस येत नाही. तुरुंगानं कुलूप उघडलं तरी सोबत पोलीस नसतील तर त्याला फाटकाबाहेर पाऊल टाकता येत नाही. आणि पोलिसांनी पकडून आणलेल्याचं पुढं काय करायचं, हे कोर्टानं सांगितल्याशिवाय कुणालाच ठरवता येत नाही. एकीवाचून दुसरीचं पान हलत नव्हतं. पण त्या एकमेकींशी बोलायच्या मात्र नाहीत, नुसते कागद पाठवायच्या.

माझे ड्रायव्हरमामा हट्टी माणूस. लॉगबुकात फक्त फेऱ्या लिहायच्या असतात, पण हे गाडी नुसती उभी राहिली तरी लिहायचे. किती वाजता उभी, कुणाच्या फाटकावर, का. शिपाई चेष्टा करायचे, "मामा, आत्मचरित्र लिहिताय की काय?" मामा म्हणायचे, "गाडी माझ्या ताब्यात आहे. ती हलली नाही, तर का हलली नाही ते मला ठाऊक हवं." आणि पुन्हा पेन उघडायचे.

आता शिंपीणबाईंची गोष्ट सांगते. त्या घरोघरी जाऊन शिवणकाम करायच्या. एका घरातल्या आजारी आजीबाईंचा दागिन्यांचा डबा नाहीसा झाला आणि त्या दिवशी घरात परकी म्हणून ह्याच होत्या. पोलिसांनी धरलं. खटला उभा राहीपर्यंत तुरुंगात ठेवलं, म्हणजे कच्ची कैद. शिक्षा नाही, सुटकाही नाही. पहिल्यांदा माझ्या पायरीवर चढल्या तेव्हा बाकाच्या फाटक्या गादीवरून हात फिरवून म्हणाल्या, "सुई-दोरा दिलात तर जाता-जाता शिवून टाकते." अर्थात सुई कोण देणार? पण इतक्या वर्षांत माझ्या गादीची चौकशी करणारं हे पहिलंच माणूस. मला त्या तेव्हाच आवडल्या.

त्यांच्या बाजूनं एकच साक्षीदार होती, आजीबाईंची सेवा करणारी परिचारिका. आजीबाई तोवर वारल्या होत्या. आरोपी समोर असल्याशिवाय साक्ष घेता येत नाही, तेव्हा बाईंना कोर्टात नेणं भाग होतं. आणि इथंच सगळं फिसकटत गेलं.

पहिल्या तारखेला मी नऊला तयार होते, पण कैदी पार्टी ऐनवेळी दुसऱ्याच बंदोबस्ताला पाठवली गेली. दुसऱ्या तारखेला मी तुरुंगाच्या फाटकावर पोचले, तर कोर्टाकडून आलेल्या यादीचं दुसरं पानच नव्हतं. बाईंचं नाव दुसऱ्या पानावर, म्हणून कुलूप उघडलं नाही. तिसऱ्या तारखेला यादी होती, पार्टी होती, पण बाईंना ताप आला म्हणून दवाखान्याच्या बराकीत हलवलं होतं आणि फाटकावरच्या वहीत तशी नोंदच नव्हती. पहारेकरी म्हणाला, "सापडत नाहीत." तुरुंगात माणूस सापडत नाही! मामांनी कपाळाला हात लावला. चौथ्या तारखेला मात्र मी बाईंना घेऊन दहा वाजताच कोर्टाच्या अंगणात हजर. नेमके न्यायाधीश रजेवर. कारकुनानं पुढची तारीख टाकली. बाहेर गाडीत कोण बसलंय हे बघायला कुणी आलं नाही.

प्रत्येक कचेरीकडे आपापलं कारण होतं आणि प्रत्येकीनं दुसरीकडे बोट दाखवलं. खोटं कुणी बोललं नाही. पण कोर्टाच्या फायलीत चारही दिवशी एकच ओळ पडली, 'आरोपी हजर नाही.'

पाचव्या तारखेला सकाळी बाई माझ्यात बसल्या तेव्हा त्यांच्या हातात एक कागद होता. जामिनाचा अर्ज फेटाळल्याचा. सोबतच्या महिला शिपाईताईंना त्या म्हणाल्या, "ताई, हे जरा वाचून दाखवा. मला वाटतं मीच चुकीचं वाचलं." ताईंनी वाचलं. आरोपी चार तारखांना हजर राहिलेली नाही, सबब जामिनावर सोडल्यास ती पुढे हजर राहील अशी खात्री वाटत नाही.

बाई हसल्या. "चौदा महिने तुमच्याच कुलपात आहे हो मी. हजर नाही तर होते कुठं?"

ताईंनी कागदाची घडी घालून परत दिला. बाई म्हणाल्या, "वकील सांगत होते, परिचारिकाबाई उद्या कायमच्या लेकीकडं परगावी चालल्यात. आज जमलं नाही तर संपलं."

मधल्या जाळीतून मामांनी सगळं ऐकलं. त्यांनी गिअर बदलला. मला तर असा संताप आला म्हणून सांगू! त्या दिवशी माझं इंजिन तापलं होतं, चढावर दम लागत होता, रेडिएटर गळत होता. एरवी मी खुशाल बसकण मारली असती. पण मी ठरवलं, आज फुटले तरी चालेल, थांबायचं नाही. दहाला दहा मिनिटं कमी असताना मी कोर्टाच्या अंगणात शिरले.

तिसऱ्या नंबरची खोली तळमजल्यावर होती आणि तिची खिडकी माझ्यासमोर उघडी होती. बाईंना आत नेलं. मामांनी किल्ली खिशात टाकली, लॉगबुक काखेत मारलं आणि निघाले. ड्रायव्हरनं गाडी सोडायची नाही, असा सक्त नियम. तोवरच्या तेरा वर्षांत त्यांनी तो एकदाही मोडला नव्हता.

बाईंच्या वकिलानं जामिनाचा विषय काढला, तेव्हा न्यायाधीश फाईल चाळत म्हणाले, "चार वेळा गैरहजर आहेत या." तेवढ्यात मागून मामांचा आवाज आला, "साहेब, थोडं बोलायचं होतं."

कारकून म्हणाला, "तुम्ही कोण? बाहेर थांबा."

"मी गाडी चालवतो. या बाईंचा मी कुणी लागत नाही. पण या चार वेळा गैरहजर नव्हत्या, साहेब. चार वेळा आम्ही यांना तुमच्यासमोर आणलं नाही." मला खिडकीतून सगळं दिसत होतं. मामांनी वही पुढं धरली.

न्यायाधीशांनी ती घेतली. एक-एक पान वाचलं. पार्टी नाही. यादीचं पान नाही. बाई फाटकावर सापडत नाहीत. चौथ्या नोंदीशी ते थांबले आणि ती त्यांनी मोठ्यानं वाचली. "दहा वाजता कोर्टाच्या अंगणात. शिंपीणबाई गाडीत. साहेब रजेवर. बाहेर कुणी आलं नाही. साडेचारला परत."

न्यायाधीशांनी चष्मा काढला. मग ते कारकुनाला म्हणाले, "लिहून घ्या. त्या दिवशी आरोपी हजर होती. गैरहजर मी होतो."

साक्ष त्याच दुपारी झाली. परिचारिकाबाईंनी सांगितलं, आजीबाईंनी तो डबा स्वतःच्या हातानं पुतण्याला दिला होता, आपल्यादेखत. "हे सांगायला मी चार वेळा येऊन बाकड्यावर बसून गेले," त्या म्हणाल्या. बाईंना त्याच दिवशी जामीन मिळाला आणि पुढच्या महिन्यात त्या निर्दोष सुटल्या. चौदा महिने मात्र कुणी परत दिले नाहीत. ते द्यायची सोय कुठल्याच कचेरीत नसते.

मामांना मुख्यालयातून नोटीस आली, गाडी सोडून का गेलात म्हणून. त्यांनी एका ओळीचं उत्तर दिलं, "गाडीतलं माणूस पोचवायला गेलो होतो." नोटीस देणाऱ्यांनी ती पुढं रेटली नाही. न्यायाधीशांनी तिन्ही कचेऱ्यांच्या माणसांना एका टेबलाशी बसवलं, आणि तेव्हापासून रोज संध्याकाळी उद्याची यादी तिन्हीकडे फोनवर वाचून दाखवायचं ठरलं. तीन फोन, दहा मिनिटं. एवढंच काम होतं ते. त्यानंतरची माझी सहा वर्षं मानाची गेली.

मग मी म्हातारी झाले, मामा निवृत्त झाले. आता कैद्यांना म्हणे तुरुंगातूनच कोर्टाच्या भिंतीवरच्या पडद्यावर दाखवतात. चांगलंच आहे, रेडिएटर गळायचा प्रश्न नाही. पण पडदा लावायचं कुणी तरी विसरतंच की, आणि फाईल कोर्टातच असते. तिच्यात काय लिहिलं जात असेल, या विचारानं इथं विटांवर उभ्या-उभ्या माझा जीव वरखाली होतो.

मित्रांनो, उद्या तुमच्यातलं कुणी पोलीस होईल, कुणी तुरुंगाच्या फाटकावर बसेल, कुणी कोर्टात फाईल लिहील. आपापलं टेबल सगळेच स्वच्छ ठेवतात. दोन टेबलांच्या मध्ये जो माणूस उभा असतो, त्याला जपा. त्याच्या नावापुढं 'हजर नाही' असं लिहिण्याआधी खुर्चीतून उठा, बाहेर जा, आणि त्याला आणायचं काम कुणाचं होतं ते विचारा. ते तुमचंच निघालं, तर तसं लिहा.