आप्पाजींची हाक

सरकारी पैशावर चाललेलं संशोधन पुढे न्यायचं की थांबवायचं, हे ठरवणाऱ्या एका समितीवर सुचेता मोहिते नव्यानेच आल्या होत्या. बाकी सगळे दिल्लीचे. सुचेताबाई बेंगळुरूच्या, म्हणून तिथल्या एका प्रयोगशाळेतलं संशोधन प्रत्यक्ष पाहून यायचं काम त्यांच्याकडे आलं. साल सत्त्याण्णव. मेंदूच्या इशाऱ्यावर चालणारं यंत्र असतं तरी कसं, याची त्यांना स्वतःलाच भारी उत्सुकता होती.

प्रयोगशाळा म्हणजे एका इस्पितळामागच्या दोन खोल्या. प्रमुख नंदकिशोर भांगे, नागपूरहून आलेला तरुण इंजिनियर. त्याने टेबलावरचे दोन दिवे सुरू केले. हिरवा आणि लाल. दोन्ही लुकलुकत होते, पण वेगवेगळ्या तालात.

"मॅडम, ज्या दिव्याकडे टक लावून बघाल, त्याच्याच तालात मेंदूत लाटा उठतात. मशीन त्या ओळखतं. हिरवा म्हणजे हो, लाल म्हणजे नाही."

"मग माझ्यावरच दाखवा की," म्हणत सुचेताबाई खुर्चीत बसल्यासुद्धा.

डोक्यामागे तारा चिकटवून झाल्या. त्यांनी हिरव्या दिव्यावर नजर रोखली, पण पडद्यावर नुसता गोंधळ. नंदकिशोरचा चेहरा उतरला. मग त्याने चाचरत विचारलं, "मॅडम, केसांना तेल...?"

"चांगलं चोपडून!"

तेल पुसून तारा पुन्हा लावल्या, आणि हिरवी रेघ सरसर वर चढली. लाल दिव्याकडे पाहिलं तर ती खाली आली, लाल चढली. सुचेताबाई कितीतरी वेळ नुसत्या इकडे बघ, तिकडे बघ करत राहिल्या.

एवढ्यात चाकाच्या खुर्चीतून आप्पाजींना आणलं. बेंगळुरूच्याच शिवाजीनगरात विजेच्या जळक्या मोटारी पुन्हा बांधून देणारा हा माणूस पक्षाघाताचा झटका आल्यापासून डोळ्यांपलीकडे काही हलवू शकत नव्हता. सोबत बायको, भाग्यलक्ष्मी, कानडी मिसळलेलं मराठी बोलणारी. नंदकिशोरने प्रश्न विचारले, आप्पाजींनी दिव्यांकडे बघून उत्तरं दिली. बहुतेक बरोबर आली.

सुचेताबाईंनी भाग्यलक्ष्मीला विचारलं, "घरी कसं बोलता तुम्ही?"

"डोळे वर केले की हो, अक्का. खाली केले की नाही."

"मग या मशीनची गरजच काय?"

उत्तर भाग्यलक्ष्मीनेच दिलं. "मी समोर बसून विचारलं तरच हे सांगणार. मी स्वयंपाकघरात असले तर? ह्यांना हाक कुठं मारता येते?"

"पापणी मिटली की घंटा वाजेल, असं नाही जमणार?" सुचेताबाई नंदकिशोरकडे वळल्या.

"पापण्या सारख्याच मिटतात, मॅडम. दिवसभर वाजत राहील." त्याने कपाटाकडे पाहिलं. "पण हिरव्याला घंटा जोडता येईल. आम्हाला कुणी हे विचारलंच नव्हतं."

त्याने कपाटातून दारावरची घंटा काढून तिथल्या तिथे जोडली. भाग्यलक्ष्मी बाहेर जाऊन बाकावर बसली. थोड्याच वेळात घंटा वाजली. ती धावत आली, "बोलावलंत?" आप्पाजींचे डोळे खाली. मशीन चुकलं होतं. नंदकिशोरने स्क्रू पिळले, ती पुन्हा बाहेर गेली. या वेळी बराच वेळ काहीच झालं नाही. मग घंटा घणघणली.

"काय हो? पाणी?"

डोळे खाली.

"उशी स्वल्प, जराशी सरकवू?"

खाली.

"दुखतंय कुठं?"

खालीच. ती गोंधळली. मग हळूच म्हणाली, "उगीच बोलावलं?"

डोळे वर गेले आणि वरच राहिले. भाग्यलक्ष्मी हसता हसता रडायला लागली. पदराने तोंड पुसत म्हणाली, "सरी, बरं, बसते इथंच."

समितीच्या बैठकीत एक सभासद म्हणाले, "एका घंटेसाठी सरकारने पैसे द्यायचे?" सुचेताबाई म्हणाल्या, "आधी घंटा. बोलणं पुढचं." वाद बराच झाला. शेवटी एका वर्षाची मुदत मिळाली, तीही अशा अटीवर की यंत्र घराघरांत नेऊन तपासायचं. अक्षरं लिहिणारं यंत्र करायचं नंदकिशोरचं स्वप्न मागे पडलं, आणि तो थोडा हिरमुसला. पण शिवाजीनगरच्या घरी यंत्र पोचवायला तो स्वतः गेला.

सुचेताबाई महिन्याभराने तिथे गेल्या. यंत्र अजून चुकायचं. मिक्सर लावला की आपोआप वाजायचं.

"मग बंद करून ठेवता का?"

"नाही अक्का. येऊन बघते, खरं की खोटं. ह्यांनाही मजा वाटते."

मिक्सरने नेमकं काय होतं, हे बघायला सुचेताबाई उठून स्वयंपाकघरात गेल्या.